जुन्या गाड्यांतल्या आता न दिसणाऱ्या गोष्टी: तुमच्या आठवणी लिहा (आणि माझ्या पद्मिनीचं दुखणंही ओळखा)

अर्धा_चोक

मंडळी, बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी ते गेल्यापासून पावणेदोन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. दसऱ्याला तिची पूजा ते स्वतः करायचे. या दसऱ्याला मी ताडपत्री काढली. टाकीतलं आंबूस वासाचं पेट्रोल काढून टाकलं, बॅटरी, फॅनबेल्ट आणि रेडिएटरचे होज नवे घातले, प्लग घासले. सोसायटीत पेट्रोलचोऱ्या होतात म्हणून टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. चौथ्या सेल्फला गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून आई गॅलरीत आली आणि बराच वेळ काही न बोलता तिथेच उभी राहिली.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. शेजारी बसल्या बसल्या तिनं विचारलं, "हे कशाचं आहे?" तो चोक होता. तिला समजावताना माझ्या लक्षात आलं, की थंडीच्या सकाळी बाबा चोक कसा हाताळायचे ते मी शंभरदा पाहिलंय, पण शब्दांत कधी मांडलंच नव्हतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप लावून हवा कमी करायची, म्हणजे मिश्रण दाट होतं. चोक पूर्ण ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन लागलं की बोटाच्या पेराएवढा आत ढकलायचा. मग कान देऊन थांबायचं. आवाज जड व्हायला लागला की अजून थोडा आत. बाबांचं बोट त्या नॉबवरच असायचं आणि मान किंचित तिरकी. चोक आत करायला विसरलं तर मागून काळा धूर, आणि मग प्लग काजळलेच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट पुढच्या दारातली त्रिकोणी काच. खिटी दाबून फिरवायची, आणि पूर्ण उलटी फिरवली की वारा थेट छातीवर. आमच्याकडे ती आईची मालमत्ता होती. घाटात मला मळमळायला लागलं की ती मला पुढे मध्ये घ्यायची आणि काच उलटी फिरवायची. पुढची सीट सलग होती, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे मध्ये तिसरं माणूस सहज मावायचं. बाबांचा डावा हात गियर टाकताना माझ्या डोळ्यांसमोरून जायचा. त्या हाताला पेट्रोल आणि लाइफबॉयचा मिळून एक वास असायचा.

आता दुखणं. गेल्या रविवारी मुंबईहून पुण्याला जुन्या रस्त्याने येत होतो. खोपोली सोडून घाटाला लागलो आणि शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. सेल्फ फिरतोय, इंजिन घेत नाही. वीस मिनिटांनी काहीही न करता सुरू झाली. खंडाळ्याला पोहोचेपर्यंत परत तेच. काटा गरम दाखवत होता, पण पाणी उकळलं नव्हतं. डिकीत बाबांची हत्यारांची कापडी गुंडाळी आहे: पाने, प्लगपाना, पॉइंट घासायचा पॉलिश पेपर, वायरचे तुकडे आणि कापडाला टोचून ठेवलेली एक टाचणी. हे सगळं वापरायचं कसं, ते मात्र मला शिकवलेलं नाही.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आणि तुमच्या गाड्यांतल्या अशा गोष्टीही लिहा.

ग्रीसगन

सातारा रोडला अडतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. वडिलांची गाडी जागी केलीत, आनंद वाटला.

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, याची तीन कारणं असतात आणि तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून आधी काही बदलू नका.

पहिलं व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनला चिकटून असतो. चढावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी हळू, वारा कमी, उष्णता जास्त. पंपात नाहीतर पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. यावर जुना इलाज ओल्या फडक्याचा. खंबाटकीत मे महिन्यात बॉनेट उघडून पंपाला ओलं फडकं गुंडाळणारी माणसं जागोजाग दिसायची. पाण्याचा कॅन आणि जुना पंचा घेतल्याशिवाय कोणी घाट चढत नसे.

दुसरं कंडेन्सर. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधली करंगळीएवढी डबी. आतून खराब झाली की गरम झाल्यावर स्पार्क लाल आणि मरतुकडा पडतो, गार झाली की परत शहाण्यासारखी वागते.

तिसरं लोक विसरतात, ते म्हणजे टाकीत हवा न जाणं. बंद पडल्यावर पहिल्या मिनिटाच्या आत टाकीचं झाकण उघडा आणि कान जवळ न्या. काय ऐकू येतं ते इथे लिहा.

आणि त्याआधी सगळ्यात महत्त्वाचं: पावणेदोन वर्षं उभी असलेली गाडी घाटात नेण्यापूर्वी ब्रेक उघडून बघितले होते का?

काळीपिवळी

वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे, त्यामुळे हा धागा वाचताना आमची चाळ डोळ्यांसमोर आली.

मला आठवतो तो मीटर. डाव्या मडगार्डाजवळ बाहेर बसवलेला लोखंडी डबा. गिऱ्हाईक बसलं की वडील खिडकीतून हात काढून त्याचा दांडा खाली पाडायचे, खर्रर्र करून यंत्र चालू. आतली आकडेवारी जुन्या दराची. भाडं वाढलं तरी मीटर तोच, म्हणून सोबत टॅरिफ कार्ड. वडिलांना ते कार्ड पाठ होतं, तरी गिऱ्हाइकाच्या हातात ते द्यायचेच. "त्यानं स्वतः वाचलं की त्याला समाधान," म्हणायचे. पावसाळ्यात मीटरवर रेक्झिनची टोपी. ती आई शिवायची. आमच्या आळीतल्या पाचसहा टॅक्सींच्या टोप्या आईच्या मशीनवरच्या.

टपावरचं कॅरियर मात्र आठवलं की पाठ दुखते. दादर स्टेशनवर गाववाल्यांच्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या, एकदा तर अख्खी शिवणाची मशीन दोरीने बांधून परळपर्यंत नेली.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून ती गेली. कुर्ल्याला बनलेली गाडी, मुंबईतच आयुष्य काढलं. त्या दिवशी वडिलांना बातमी दाखवली. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हिचा डावा इंडिकेटर बदललेला दिसतोय."

शालन_कऱ्हाड

मी १९८१ साली सासऱ्यांच्या अँबेसेडरवर गाडी शिकले. तालुक्यात गाडी चालवणाऱ्या बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

अँबेसेडरचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली-वर करायचं बटण, पायात होता, हे आता सांगितलं तर नातवंडांना पटत नाही. क्लचच्या डावीकडे फळीवर लोखंडी बटण. डाव्या पायाने दाबलं की अपर, परत दाबलं की डिपर. रात्री समोरून ट्रक येतोय, गियर बदलायचाय आणि डिपरही द्यायचाय, तर पाय एकच. मामंजी म्हणायचे, "आधी डिपर, मग क्लच. समोरच्याचे डोळे आधी." ते वाक्य अजून डोक्यात आहे. साडीचा काठ त्या बटणात अडकू नये म्हणून निऱ्या थोड्या वर खोचून बसायची सवय लागली, ती पुढे मारुती चालवतानाही गेली नाही.

दुसरं म्हणजे हँडल. पहाटे बॅटरी उतरलेली असली की बंपरमधल्या भोकातून हँडल घालून इंजिन फिरवायचं. मामंजींनी हे काम मला मुद्दाम शिकवलं, कारण ते नेहमी फिरतीवर असायचे. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर वर ओढताना हात सुटून जातो, दाबताना मनगट जातं. माझ्या धाकट्या दिरांनी ऐकलं नाही. त्यांचं मनगट तेव्हापासून पूर्ण वळत नाही.

लायसन्सच्या परीक्षेत हाताचे इशारेही करून दाखवावे लागले होते. उजवा हात बाहेर काढून सरळ, गोल फिरवून, वर-खाली. बाई इशारा करतेय म्हणून लोक थांबून बघायचे. मला त्याची लाज कधी वाटली नाही, उलट हात जास्तच ताठ व्हायचा.

सुरक्षित_अंतर

सगळ्यांच्या आठवणींचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जायचे. पुढे टँडम मास्टर सिलिंडर आला, म्हणजे दोन वेगळ्या लाइनी, एक गेली तरी दोन चाकं थांबतात. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला. डॅशबोर्ड पत्र्याचा. पट्टे नाहीत. आणि पुढे मधे बसवलेलं मूल, ज्याबद्दल अर्धा_चोक यांनी इतक्या मायेनं लिहिलंय, त्याला पकडायला फक्त आईचा हात.

माझे मामा कसारा घाट उतरत होते. गाडी कुठली ते लिहीत नाही, कारण तेव्हा सगळ्याच तशा होत्या. ब्रेकचा पाय जमिनीला टेकला. मामांनी प्रसंगावधान राखून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. वेग फार नव्हता. तरीही मामी काचेवर आदळल्या आणि काचेचे खडे डोळ्यात गेले. एक डोळा वाचला नाही. त्यांना मी आयुष्यभर डावीकडून हाक मारत आलो, म्हणजे त्यांना दिसेल.

त्रिकोणी काच मलाही आवडायची. पण मुलीला शेजारी बसवून घाटात जाणार असाल तर आधी ब्रेक आणि पट्टे. कृपया.

ग्रीसगन

सुरक्षित_अंतर यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी हेच विचारलं होतं, उत्तर आलेलं नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. उभ्या गाडीत तर व्हील सिलिंडरला आतून गंज धरतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, त्या उष्णतेने ऑइलमधलं पाणी उकळतं आणि पाय स्पंजासारखा आत जातो. चारही ड्रम उघडा, रबरी वॉशर सगळे नवे, सिलिंडर आतून घासून गुळगुळीत (होन) करून घ्या नाहीतर बदला, ऑइल पूर्ण काढून नवं भरा. पाइपांवर बोट फिरवा, कुठे खरखर लागली तर तो पाइप फेकून द्या. पुढे दोन पट्टे बसवता येतात, पण नुसत्या पत्र्याला नट लावून नाही, मागून जाड प्लेट देऊन.

आणि उतारावर गियर खालचा ठेवायचा. चढायला जो गियर लागला तोच उतरायला. हे आम्हाला उस्तादांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

ताळगावकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पोर्तुगीज काळात थेट युरोपातून आलेल्या गाड्या होत्या, त्यामुळे १९६१ नंतरही कितीतरी वर्षं जुन्या मर्सिडीज इथे टॅक्सी म्हणून धावायच्या. आजोबांची १८०डी होती. डिझेल.

ती सुरू करणं म्हणजे एक विधी. डॅशबोर्डावर एक नॉब, तो अर्धा ओढायचा आणि धरून ठेवायचा. त्याच्याजवळ जाळीमागे तारेचं एक वेटोळं होतं. आत इंजिनातले हीटर प्लग तापायला लागले की हे वेटोळंही हळूहळू लाल व्हायचं. ते निखाऱ्यासारखं लाल झालं की नॉब पूर्ण ओढायचा, मग इंजिन गुरगुरत जागं व्हायचं. पावसाळ्यात पहाटे चारला, वीज गेलेली, अंगणात काळोख, आणि गाडीत ते एवढंसं लाल वेटोळं. आजोबा तेवढ्या वेळात क्रुसाची खूण करून एक प्रार्थना म्हणायचे. प्रार्थना आणि वेटोळं बरोबर एकाच वेळी पूर्ण व्हायचं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून एक छोटी नोंद. १९९२मध्ये इथे आल्यावर घेतलेल्या पहिल्या जुन्या गाडीत आपोआप सरकणारा पट्टा होता. दार लावून किल्ली फिरवली की खांद्यावरचा पट्टा दाराच्या चौकटीवरून घरंगळत येऊन आपल्याला बांधायचा. एअरबॅग सक्तीच्या होण्याआधीचा हा मधला उपाय. धोका असा, की कमरेचा पट्टा वेगळा होता आणि तो हाताने लावावा लागायचा. खांद्यावरचा आपोआप आला की माणूस कमरेचा विसरायचा. बायको दर वेळी आठवण करायची, म्हणून आम्ही वाचलो असं मी आजही मानतो.

मेळघाट_पाऊस

वडील सरकारी नोकरीत, हाताखाली जीप. तिचे वायपर विजेवर नव्हते, इंजिन जी हवा आत खेचतं त्या ओढीवर चालायचे. सपाटीवर ठीक. चिखलदऱ्याच्या चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ संपते आणि वायपर काचेच्या मधोमध थांबतो. म्हणजे पाऊस सगळ्यात जोरात, रस्ता सगळ्यात अवघड, आणि नेमकं तेव्हाच समोरचं दिसेनासं. ड्रायव्हरकाका क्षणभर पाय उचलायचे, वायपर दोनदा फिरायचा, परत पाय दाबायचे. पूर्ण घाट असा. आम्ही भावंडं मागे बसून तो ताल मोजायचो: दाब, दाब, सोड, फट्-फट्. काचेला बाहेरून तंबाखूचं पान चोळायचे, पाणी घसरून जावं म्हणून.

त्या काकांनी वडिलांना बावीस वर्षं त्या रस्त्यांवरून सुखरूप घरी आणलं.

ग्रीसगन

डुक्कर फियाटचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९६४च्या आधीची, गोलमटोल पाठीची. तिची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उघडायची पुढून मागे. बसा-उठायला इतकी सोयीची दारं पुन्हा झाली नाहीत, वयस्कर माणसांना तर फारच. पण चालत्या गाडीत खिटी सुटली की वारा दार फाडून नेणार. म्हणून मी प्रत्येक सर्व्हिसिंगला आधी खिट्या बघायचो, मग इंजिन.

माझं इथलं नाव जिच्यावरून घेतलंय ती ग्रीसगनही आता कोपऱ्यात पडून आहे. पूर्वी खालून ग्रीस भरायची किती निपल, किंगपिनला, जोडांना, शॅकलना, सगळं मोजून ग्रीस मारायचं. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत. तो रंग बदलला की काम झालं. गिऱ्हाईक शेजारी उकिडवं बसून बघायचं आणि आपल्या गाडीचा खालचा भाग त्याला माहीत असायचा.

अर्धा_चोक, झाकण उघडून बघितलं का?

अर्धा_चोक

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण ब्रेकचं काम आधी केलं. ग्रीसगन काकांनी सांगितलं तसंच निघालं: मागचे दोन्ही सिलिंडर गंजलेले, एक तर जवळजवळ जाम. नवीन घातले. पट्टे प्लेट देऊन बसवले. सुरक्षित_अंतर, तुमच्या मामींबद्दल वाचल्यावर मुलीला मध्ये बसवायचा विचार मी सोडून दिला. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

काल सकाळी एकटाच पुण्याहून खाली खोपोलीला उतरलो आणि चहा घेऊन परत फिरलो. शिंगरोबाला नारळ वाहिला. पुढच्याच चढाला गचके, बंद. ओलं फडकं तयार होतं, पण आधी मागे धावलो आणि कुलपाची किल्ली फिरवली. झाकण सैल होताच टाकीने "स्सूऽऽ" करून हवा आत ओढली, चांगली दोन-तीन सेकंद. झाकण नुसतं टेकवून ठेवलं, सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात सुरू. तसाच खंडाळ्यापर्यंत आलो, एकदाही थांबली नाही.

ग्रीसगन

मग झालं निदान. जुन्या गाड्यांच्या झाकणालाच बारीक भोक असायचं. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा तिथून आत. तुम्ही बसवलेलं कुलपाचं झाकण पूर्ण बंद आहे, आताच्या गाड्यांसारखं. त्यांना हवेची वाट वेगळी असते, तुमच्या गाडीला नाही. चढावर पेट्रोल जास्त लागतं म्हणून तिथेच अडायची. नवीन झाकणाला गाडीवर असताना ड्रिल लावू नका, ठिणगीचा प्रश्न आहे. जुनं झाकण फेकलं नसेल तर तेच लावा, भोक बुजलंय का तेवढं बघा.

अर्धा_चोक

काका, जुनं झाकण शेडमध्ये फळीवर होतं. भोक शोधायलाच वेळ लागला, धुळीने भरलं होतं. काडी जाईना. मग डिकीतली बाबांची गुंडाळी उघडली. कापडाला टोचलेली ती टाचणी बरोबर त्या मापाची आहे.